आठवा ठिपका

१

दर गुरुवारी डॉक्टर अनंतराव आलेल्या बाईला पहिला प्रश्न दुखण्याचा विचारत नसत. ते म्हणत, "हात पुढं करा. बाही वर घ्या."

औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत खाली त्यांचा दवाखाना आणि वर घर. इतर दिवशी ताप-खोकला, गुरुवारी मात्र डोक्याचे पेशंट. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी हा वार सुरू केला आणि एक जाडजूड वही घातली. बाईच्या हातावर जे गोंदण असेल ते वहीत जसंच्या तसं काढायचं आणि शेजारी निदान लिहायचं. विंचू गोंदलेली बाई भांडकुदळ. मोर गोंदलेली नटवी. नुसते ठिपकेच असतील तर आत्मपीडेचा रोग. खुद्द त्यांच्या पत्नीच्या, यमुनाबाईंच्या मनगटावर तुळशीवृंदावन होतं, पण त्याच्यापुढं डॉक्टरांनी 'संस्कार' एवढंच लिहिलं होतं. गोंदण म्हणजे मनाचा उघडा कागद, असं ते ऐटीत सांगत. तो कागद वाचणारा आपल्याशिवाय अख्ख्या मराठवाड्यात कोणी नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ज्यांचे हात होते त्या बायकांना एखाद्या शब्दानं विचारावं, असं मात्र सोळा वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नाही.

पासष्ट सालच्या दिवाळीनंतरचा गुरुवार होता. पडेगावची लक्ष्मीबाई झोप येत नाही म्हणून आली. तिच्या हातावर एक विंचू. डॉक्टरांनी विंचू काढला, निदान लिहिलं, पुड्या दिल्या, बाई गेली. मग वहीवर टीपकागद ठेवताना त्यांचा हात थबकला. विंचवाच्या खाली, कोपराकडून मनगटाकडं उतरत गेलेले सात ठिपके होते. त्यांची शाई अजून ओली होती.

"पुंजाराम, त्या बाईला परत बोलाव!"

कंपाउंडर पुंजाराम धावत जाऊन तिला कोपऱ्यावरून घेऊन आला. तिनं बाही वर केली. हातावर विंचू होता, बाकी काही नव्हतं.

"काय झालं जी?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही. जा तुम्ही."

वय झालं आता, असं म्हणून डॉक्टर स्वतःशीच हसले. पुढच्या गुरुवारी चार बायका आल्या. डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून चार चित्रं काढली. एकीच्याही हातावर ठिपके नव्हते आणि एकाही चित्रात त्यांनी ते काढले नाहीत. वही मिटली, चहा घेतला, वही उघडली. चारही चित्रांतल्या हातांवर सात-सात ठिपके. आणि सातव्याच्या खाली, जिथं आठवा यायला हवा तिथं, शाई नव्हती. तिथं कागदाला सुईनं भोक पाडलेलं होतं.

२

डॉक्टर शास्त्र मानणारे. कसर लागली असेल, म्हणाले. कसरीचा किडा असा सुईसारखा सरळ जात नाही, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी मागचं पान उलटलं. त्याच जागी भोक. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. चौसष्ट साल गेलं, साठ गेलं, सत्तावन्न गेलं. खिडकीतून दुपारचं ऊन वहीवर पडलं होतं आणि भोकातून निघालेला एक बारीक किरण खालच्या पानावर नेमका आठव्या जागी टेकत होता. डॉक्टर पानं उलटत गेले.

त्रेपन्न सालच्या एका पानाशी भोक संपलं. त्या पानावर हात होता, त्यावर सात ठिपके होते, आणि हे ठिपके त्यांनीच काढलेले होते. शेजारी त्यांचंच वळणदार अक्षर होतं.

'सारजाबाई, मु. चितेगाव. वय अंदाजे तीस. डाव्या हातावर वेळोवेळी टोचून घेतलेले सात ठिपके, अन्य नक्षी नाही. निदान : आत्मपीडेचा उन्माद. वेड्यांच्या इस्पितळात ठेवणे आवश्यक.'

मग सगळं आठवलं. चितेगावचे बडे जमीनदार तात्यासाहेब मोसंब्यांची करंडी घेऊन आले होते. त्यांना दुसरी बायको घरात आणायची होती आणि पहिलीचे भाऊ आडवे येत होते. बाई वेडी आहे असा दाखला मिळाला की भावांच्या तोंडाला कुलूप. पहिली बायको, म्हणजे सारजाबाई, तिथंच उभी होती. कडेवर तीन वर्षांची पोर.

"डागदरसाब, ह्ये ठिपके म्हंजी माझी—" ती बोलू लागली होती.

"विचारलंय तेवढंच सांगा," डॉक्टर म्हणाले होते. आणि विचारलं काहीच नव्हतं.

तिच्या कडेवरून पोर ओढून घेतली तेव्हा पोर किंचाळली. सारजाबाई किंचाळली नाही. ती डॉक्टरांच्या लिहिणाऱ्या हाताकडं एकटक बघत राहिली. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मोसंबी सोलून खाल्ली होती, तीही चवीनं.

३

पुंजाराम चौदा वर्षं त्या दवाखान्यात पुड्या बांधत होता. चितेगावच्या शेजारचाच माणूस. डॉक्टरांनी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, बायका नुसते ठिपके कशाला गोंदवतात?"

पुड्या बांधणारा हात थांबला.

"लेकरं असत्यात ती."

"म्हणजे?"

"गेलेली लेकरं. बाई मेली की अंगावरचं समदं काढून घेत्यात, डोरलं बी ठेवत नाय. गोंदण तेवढं तिच्या संगं जातं. मंग वर गेल्यावर लेकरानं मायला वळखायचं कसं? म्हणून एक लेकरू गेलं की त्याचं नाव घेऊन एक ठिपका टोचत्यात. माझ्या मायच्या हातावर तीन हुते."

"मग हे मला कधी बोलला का नाहीस?"

"तुमी कधी इचारलंच नाय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "तात्यासाहेबांच्या त्या बाईचं पुढं काय झालं?"

"सारजाबाईचं? तिकडंच मेली की, दुसऱ्या वर्साला. पोर तर आदीच गेली. मायवाचून तीन म्हैने जगली. तिचा ठिपका ऱ्हायला तो ऱ्हायलाच. तिथं वेड्याच्या दवाखान्यात कोण टोचणार?" पुंजाराम आवाज उतरवून बोलला. "तात्यासाहेबाच्या दुसरीला पाच येळा झालं. एक बी लेकरू बारशापुढं गेलं नाय. बारावा दिस उजाडला की पाळन्यात गार. औंदा दिवाळीत म्हातारा बी गेला. आता तिकडचं सपलं तिचं."

"मूर्खासारखं बोलू नकोस," डॉक्टर ओरडले.

पण ओरडता ओरडता त्यांची नजर जिन्याकडं गेली होती. कारण माडीवर त्यांची एकुलती एक लेक उमा पहिल्या बाळंतपणाला आलेली होती आणि तिला सातवा सरत आला होता.

४

माघात उमाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. यमुनाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. डॉक्टर मात्र रोज सकाळी नातीला उघडी करून तपासू लागले. छाती बघत, बेंबी बघत, आणि शेवटी डावा हात. हात लोण्यासारखा स्वच्छ असायचा. मग ते खाली जाऊन दवाखाना उघडत.

वही त्यांनी कपाटात कोंडून टाकली होती. गुरुवारही बंद केला होता. माणसानं एवढं केल्यावर सगळं थांबायला हवं, असं त्यांची बुद्धी त्यांना सांगत होती, आणि चार-पाच दिवस ते त्यांना पटलंही.

आठव्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले होते. बाळंतिणीच्या खोलीतून आवाज आला. टच्. थोडं थांबून पुन्हा टच्. गोधडी शिवताना जाड कापडातून सुई निघते तसा. यमुनाबाई स्वयंपाकघरात होत्या. डॉक्टर उठले आणि अनवाणी दाराशी गेले.

उमा गाढ झोपली होती. शेगडीतला ओवा धुमसत होता. बाळ जागं होतं. ते रडत नव्हतं. भिंतीकडं, जिथं कोणी नव्हतं, तिथं टक लावून बघत होतं. त्याचा डावा हात त्या बाजूला सरळ ताणलेला होता, कोणीतरी तो धरून ठेवावा तसा. आठ दिवसांची पोर, तिला स्वतःचा हात कुठला सांभाळता येतोय? आणि तिच्या झबल्याची बाही, नीट घड्या घालून, वर घेतलेली होती.

डॉक्टर आत शिरले आणि बाळाचा हात खाली पडला.

"बाबा?" उमा जागी झाली. "काय हो?"

"काही नाही. बाही तू वर केलीस का हिची?"

"मी कशाला करू? थंडी आहे की."

अकराव्या दिवशी सकाळी उमा आनंदात होती. जावई आणि त्यांची बहीण नांदेडहून आले होते. तिनं वडिलांना जवळ बोलावून हळूच सांगितलं, "नाव ठरलं. रेणुका. कोणाला सांगू नका हं. उद्या वन्सं कानात सांगेपर्यंत गुपित आहे."

"रेणुका," डॉक्टर पुटपुटले. नाव गोड होतं. दिवसभर ते तोंडात घोळत राहावं असंच होतं.

उद्या बारावा दिवस होता.

५

"तिचा ठिपका टोचा," डॉक्टरांनी सगळं सांगितल्यावर पुंजाराम म्हणाला. "तुमच्या हातावर. ऱ्हायलेला तेवढा पुरा करा. पन पोरीचं नाव पायजे. चितेगावला जाऊ. सारजाबाईचे भाऊ हायेत अजून. इचारू त्यांना."

त्या उंबऱ्यावर उभं राहून काय म्हणायचं? तुमच्या बहिणीला मी वेडी ठरवली, आता तिच्या पोरीचं नाव तेवढं सांगा? "वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "गोंदणारीण कुठं मिळेल ते सांग."

गोंदणारीण खुलताबादला होती. दोघं दुपारच्या बसनं गेले. भीती निम्मी समजुतीनं जाते, असं डॉक्टर आजवर पेशंटला सांगत आले होते. आपण आपल्याच मनाला औषध देतोय, बाकी काही नाही, असं त्यांनी घाट चढताना स्वतःला चारदा बजावलं.

वेशीच्या भिंतीला टेकून म्हातारी आवडाबाई बसली होती. पुढ्यात करवंटीत काजळ, दोऱ्यानं बांधलेल्या सुया, हळदीची वाटी. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि बाही वर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ते या बाजूला बसले होते.

"बाप्ये न्हाई येत असला ठिपका टोचाया," आवडाबाई त्यांना न्याहाळत म्हणाली. "लेकरू गेलं व्हय? नाव सांगा."

डॉक्टरांनी पुंजारामकडं पाहिलं.

"नावाबिगर सुई लागत नाय बाबा. ज्याचं नाव घ्यावं त्याचा ठिपका. ठावं नसल तर इचारून या. मी उद्या बी हितंच हाय."

पुंजाराम म्हणाला, "साहेब, अजून चितेगावला जाता यील."

त्यांनी ऐकायला हवं होतं. पण रकाना रिकामा म्हणून डॉक्टरांनी कधी कागद परत केला नव्हता. माहीत नसलं तरी काहीतरी लिहायचं, खाली सही ठोकायची, ही जन्माची सवय. सकाळपासून एक नाव जिभेवर घोळत होतं, ते निसटलं.

"रेणुका."

पुंजारामला ते नाव नवीन होतं. सारजाबाईच्या पोरीचं साहेबांना आठवलं असेल, असं वाटून त्यानं मान डोलावली. आवडाबाईनं सुई काजळात बुडवली, नाव पुटपुटली आणि टोचली. टच्. पुन्हा नाव, पुन्हा टच्. तोच आवाज. बाळंतिणीच्या खोलीत ऐकलेला.

पाचव्या टोच्याला डॉक्टरांना कळलं की आपण कोणाचं नाव सांगितलं. त्यांनी हात हिसकला.

"पुसा ते! पुसून टाका!"

आवडाबाईनं ठिपक्यावर हळद दाबली. "गोंदण कुटं पुसत असत्यात व्हय?" ती म्हणाली. "झालं की आता. पोर तुमची मायला जाऊन मिळल."

६

"दुसरं नाव ठेवा," घरात पाऊल टाकताच डॉक्टर म्हणाले. "कुठलंही ठेवा, पण रेणुका नको."

यमुनाबाईंचा हात कपाळाला गेला. "चांदीच्या वाटीवर नाव घालून आणलंय त्यांनी. आणि तुम्हाला हे आत्ता सुचलं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

डॉक्टरांनी बाही वर घेतली आणि हात दाखवला. सुजलेला, हळद भरलेला, काळा ठिपका. ते सांगू लागले, पण सगळं एकदम तोंडात आलं. सारजाबाई, मोसंबी, भोक, भिंतीकडं ताणलेला हात. ऐकणाऱ्याला त्यातलं काही लागेना. उमा रडायला लागली. जावयानं कपाट उघडलं, वही काढली आणि पहिल्याच पानावरचं मोठ्यानं वाचलं, "नुसते ठिपके. आत्मपीडेचा रोग. रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये." वाचून त्यानं हळूच वही मिटली. पुढची पानं बघायची त्याला गरज वाटली नाही.

"तुम्हीच लिहिलंय, बाबा," तो म्हणाला.

शेजारच्या गल्लीतून दत्तोपंतांना बोलावलं. तेही डॉक्टर, जुने मित्र. त्यांनी अनंतरावांची नाडी बघितली, हात बघितला, यमुनाबाईंना बाजूला घेऊन काहीतरी बोलले.

"दत्तोपंत, माझं ऐकून घ्या. हा ठिपका म्हणजे माझी—"

"अनंतराव," दत्तोपंत मायेनंच म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा."

त्या क्षणी अनंतरावांना खरं काय ते उमगलं. सारजाबाईला घाई नव्हती. तिनं त्यांचं एकेक वाक्य बारा वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता एकेक करून परत करत होती. दत्तोपंतांनी इंजेक्शन भरलं. औषध डॉक्टरांच्याच कपाटातलं होतं.

७

बारसं सकाळी दहाला होतं. खिडक्या उघड्या, घरभर ऊन, घुगऱ्यांचा वास. बाहेरच्या खोलीत डॉक्टर आरामखुर्चीत पडले होते. पुंजाराम त्यांच्या शेजारी बसला होता. डॉक्टरांना सगळं दिसत होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती आणि हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे जड होते.

अर्ध्या उघड्या दारातून पाळणा दिसत होता. दोन्ही बाजूंना बायका. रीतीप्रमाणं त्या बाळाला पाळण्यावरून एकीकडून दुसरीकडं देत होत्या आणि पाळण्याखालून परत घेत होत्या. पाळण्याच्या पडद्यामुळं चेहरे झाकले गेले होते. दिसत होते ते नुसते हात. हिरव्या बांगड्यांचे, सोन्याच्या पाटल्यांचे, यमुनाबाईंचा तुळशीवृंदावनाचा. बाळ वरून गेलं, खालून आलं. पुन्हा वरून गेलं.

तिसऱ्यांदा पाळण्याखाली एक हात पुढं आला. त्यात बांगड्या नव्हत्या. जाड, मळकट पांढऱ्या कापडाची बाही होती, इस्पितळात देतात तसली, आणि ती नीट घड्या घालून वर घेतलेली होती. कोपराकडून मनगटाकडं सात ठिपके उतरत गेले होते. सातव्याच्या खाली आठव्याची जागा होती. ती अजून कोरी होती.

त्या हातानं बाळाला पोटाखालून अलगद धरलं. धरायची सवय असलेल्या हातानं धरतात तसं. क्षणभर थांबून ते दुसरीकडं सोपवलं.

डॉक्टरांनी ओरडायचा प्रयत्न केला. घशातून हवा निघाली. पुंजारामनं त्यांच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला.

उमाच्या नणंदेनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी हसत-खिदळत तिच्या पाठीत धपाटे घातले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं ते मोठ्यानं उच्चारलं. टाळ्या वाजल्या.

"बघा तरी," उमाचा कौतुकाचा आवाज आला, "एवढ्या गलक्यात कशी गप झोपलीय!" मग जरा वेळानं, "आई, हिचे हात का गं गार लागतायत?"

"खिडकी लाव ती," यमुनाबाई म्हणाल्या. "वारं येतंय."

वारं नव्हतं. पाळण्याचा पडदा हलतसुद्धा नव्हता. डॉक्टरांनी अंगातलं होतं नव्हतं ते बळ गोळा केलं आणि उजव्या हातानं डावी बाही वर घेतली. पुंजारामनं वाकून पाहिलं आणि तो हळूच खुर्चीपासून मागं सरकला.

हात कोरा होता.